साष्टी बेटावरील कोंडिविट्याचें जुनें चर्च

ज्युबिलीच्या आनंदप्रसंगीं माणसांनीं भरलेल्या मंदिराचें वर्णन करणें सर्वांसच आवडतें. परंतु ज्या मंदिराचीं माणसें उठून गेलीं, तेंही आपणांस कांहीं शिकवितें, असें आम्हांस वाटतें. म्हणून वऱ्हाडापासून दूर, समुद्रकांठच्या साष्टी बेटावरील एका ओसाड चर्चची हकीकत अचलपूरच्या बंधुभगिनींपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

साष्टी हें नांव ऐकतांच कित्येकांस गोमंतकांतील साष्टी आठवेल, व तिच्यासवें ख्रिस्तपुराणकर्ते फादर स्टीफन्स आठवतील. ती साष्टी निराळी. आमची साष्टी मुंबईच्या उत्तरेस, वसईच्या खाडीच्या अलीकडे आहे. ठाणें, वांद्रें, अंधेरी, मरोळ हीं सर्व गांवें तिच्यांतलीं. आज मुंबई शहर तेथवर पसरल्यामुळें हें बेट होतें, असें सांगितल्यावांचून कळत नाहीं. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शीवचा बांध होईपर्यंत मुंबईकरांस होडीवांचून साष्टींत पाऊल टाकतां येत नसे. आणि माहीमचा बांध तर १८४५ सालीं खुला झाला. भोंवतीं खाड्या व मध्यें डोंगर अशी ही भूमि होती. त्या डोंगराच्या पायथ्याशीं, बौद्धांच्या पुरातन लेण्यांजवळ, कोंडिविटें नांवाचा गांव होता.

या बेटाचा ख्रिस्ती धर्माशीं संबंध पोर्तुगीजांहून जुना आहे. १३२१ सालीं तोलेंतिनोचे थॉमस व त्यांचे सहकारी फ्रान्सिस्कन यांनीं ठाण्यास आपलें रक्त सांडलें. पुढें १५३४ सालीं गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें वसई व तिच्याखालील मुलूख पोर्तुगीजांस दिला. त्यांच्यामागून फ्रान्सिस्कन व जेझुइट धर्मगुरू आले. साष्टींत ज्यांनीं फार श्रम केले, त्यांत जेझुइट मनुएल गोमेस यांचें नांव प्रामुख्यानें घेतलें जातें. कोंडिविट्यास संत योहान बाप्तिस्त याच्या नांवें जेझुइटांनीं चर्च बांधिलें तें १५७९ सालीं. आणि १५८८ सालीं त्या संताच्या सणास तें लोकांसाठीं उघडण्यांत आलें. संत योहानाचा सण २४ जूनला येतो. कोंकणांत तो ऐन पावसाचा व पेरणीचा काळ. शेतकऱ्यांच्या गांवास असा संत लाभला, हें योग्यच झालें.

पुढील दोनशें वर्षांत या बेटावरून अनेक राज्यें गेलीं. १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें व साष्टी घेतली, आणि १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई सर केली. त्या पराक्रमाचा अभिमान मराठी माणूस म्हणून आम्हांसही आहे. आणि त्यानंतर युरोपियन धर्मगुरू निघून गेल्यावर जे मराठी बोलणारे ख्रिस्ती आपल्या शेतांत व आपल्या श्रद्धेंत टिकून राहिले, तेही आमचेच. या दोहोंपैकीं एकाचेंच स्मरण ठेवावें, असें आम्हांस वाटत नाहीं. देशी धर्मगुरूंनीं हे पॅरिश सांभाळिले. १७५९ सालीं पोर्तुगालच्या राजानें जेझुइटांस आपल्या राज्यांतून घालवून दिलें. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं साष्टी घेतली व १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांजकडे कायम झाली. इतकीं स्थित्यंतरें झालीं, तरी कोंडिविट्याची वेदी ओस पडली नाहीं.

जें तोफांनीं झालें नाहीं, तें एका रोगानें झालें. १८४० सालीं गांवांत साथ उद्भवली. त्या काळीं साथीचें खरें कारण कोणास ठाऊक नव्हतें, आणि गांव सोडणें हाच लोकांना ठाऊक असलेला उपाय. लोक जवळच्या मरोळास जाऊन राहिले, व त्यांचें चर्चही त्यांच्याबरोबर गेलें. जुन्या मंदिरांतील मूर्ति, स्तंभ व बाप्तिस्म्याचें कुंड त्यांनीं मरोळास नेलें, आणि तेथील नवें चर्च संत योहान शुभवर्तमानकार याच्या नांवें उभें राहिलें. एका योहानाच्या घरून लोक दुसऱ्या योहानाच्या घरीं गेले, असें म्हटलें तरी चालेल.

मागें राहिलेल्या मंदिराचें छप्पर गेलें, भिंतींवर झाडें रुजलीं. विसाव्या शतकांत ती जमीन औद्योगिक वसाहतीकडे गेली, आणि १९७३ सालीं तेथें निर्यातीच्या कारखान्यांची सीप्झ ही वसाहत स्थापन झाली. ज्या वाटेनें शेतकरी मिस्सेस येत, तेथें आतां फाटक व पहारा आहे. परवानगीनें वर्षांतून एकदां त्या उघड्या भिंतींमध्यें मिस्सा होऊं लागली, आणि जुन्या घराण्यांचे वंशज तिला येऊं लागले. हे लोक १८८७ पासून स्वतःस ईस्ट इंडियन म्हणवितात. त्यांची घरांतली बोली मराठीच आहे.

आतां कोणी विचारील, या हकीकतीचा वऱ्हाडाशीं काय संबंध? आमच्या शेजारचें परतवाडा हें एके काळीं हैदराबाद काँटिंजंटच्या फौजेचें ठाणें होतें. १९०३ सालीं ती फौज हिंदी सैन्यांत विलीन झाली. पलटणी येतात आणि जातात, हें या भूमीस नवें नाहीं. १९५५ सालीं अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तरी आमचीं ख्रिस्ती घरें विरळच आहेत. आणि तरुण मंडळी नोकरीकरितां नागपूर, पुणें, मुंबईकडे जातात. त्यांस दोष देणें न्यायाचें नाहीं. कोंडिविट्याच्या लोकांनींही गांव सोडिला तो जीव वांचविण्यासाठीं.

मात्र जातांना त्यांनीं काय नेलें, तें पाहण्यासारखें आहे. ज्या कुंडावर त्यांच्या वाडवडिलांचा बाप्तिस्मा झाला, तें त्यांनीं मागें टाकिलें नाहीं. म्हणून मरोळच्या लेंकरांचा आणि १५८८ च्या कोंडिविट्याचा धागा तुटला नाहीं. ज्या गांवचे लोक असें कांहीं न घेतां पांगतात, त्यांच्या मंदिराबरोबर त्यांची आठवणही जाते.

तेव्हां या ज्युबिलीच्या वर्षीं आमची वाचकांस एवढीच विनंती आहे. बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु यांच्या नोंदवह्या वाळवीपासून राखाव्या. चर्चच्या व कबरस्थानाच्या जमिनीचे कागद नीट लावून ठेवावे. घरांतील वृद्धांकडून आपलें कुटुंब कोठून आलें, कोणत्या धर्मगुरूंच्या हातून दीक्षा मिळाली, हें लिहून घ्यावें. जीं मुलें दूर गेलीं, त्यांस निदान वर्षांतून एका सणास घरीं बोलवावें. दगडांच्या भिंती किती वर्षें टिकतील, हें आपल्या हातीं नाहीं. या गोष्टी मात्र आपल्या हातच्या आहेत, आणि त्या आजच करतां येण्याजोग्या आहेत.