‘अस्तुरियास’: नाव उत्तरेचं, सूर दक्षिणेचे

संदर्भ शोधताना आपण शीर्षकावर पटकन विश्वास ठेवतो. ते शीर्षक कोणी आणि कधी दिलं, हे विचारायचं राहून जातं. याचं एक छान उदाहरण संगीताच्या इतिहासात आहे.

इसाक अल्बेनिझ (१८६०–१९०९) या स्पॅनिश संगीतकाराची ‘अस्तुरियास’ ही रचना बहुतेकांनी गिटारवर ऐकलेली असते. मुळात ती लिहिली गेली एकट्या पियानोसाठी. अस्तुरियास म्हणजे स्पेनच्या उत्तरेचा हिरवा, डोंगराळ प्रांत. तिथल्या लोकसंगीतात बॅगपाइपच्या जातीचं ‘गाइता’ हे वाद्य महत्त्वाचं.

आता रचना ऐका. गाइता कुठेच नाही! एकच स्वर सारखा वाजत राहतो आणि त्याच्या आसपास धून फिरते. गिटारवादक अंगठ्याने धून काढत बोटांनी एकच तार छेडत राहतो, अगदी तसं. मधला संथ भाग फ्लामेंको गायकाच्या मोकळ्या आलापीसारखा. स्वर फ्रिजियन वळणाचे, म्हणजे आपल्या भैरवी थाटाच्या जवळचे. ही सगळी लक्षणं दक्षिणेतल्या अंदालुसियाची.

मग उत्तरेचं नाव आलं कुठून?

१८८० च्या दशकात अल्बेनिझने ‘सुईत एस्पान्योला’ हा आठ भागांचा संच योजला. त्यातले ग्रानादा, कातालुन्या, सेव्हिया आणि क्युबा हे चारच भाग झाले. ‘अस्तुरियास’सह उरलेले चार नावापुरतेच राहिले. पुढे १८९० च्या दशकात त्याचा ‘शां द’एस्पान्य’ हा वेगळा संग्रह आला. आपली रचना त्यातली पहिली, आणि तिचं नाव होतं नुसतं ‘प्रेल्यूड’. अल्बेनिझ गेल्यावर १९११ मध्ये होफमाइस्टर या जर्मन प्रकाशकाने जुन्या संचाची ‘पूर्ण’ आवृत्ती काढली. रिकाम्या जागा आधी छापलेल्या रचनांनी भरल्या, आणि ‘प्रेल्यूड’ची झाली ‘अस्तुरियास’.

थोडक्यात, नमुना एका बाटलीतला आणि लेबल दुसऱ्या बाटलीचं. धोका असा, की या लेबलवर विसंबून कोणी ‘उत्तर स्पेनचं लोकसंगीत असं असतं’ असा निष्कर्ष काढू शकतो. तो निष्कर्ष पुढचे लोक उद्धृत करतील, आणि मग तोच पुरावा ठरेल.

म्हणून दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या. एक, वस्तू स्वतः काय सांगते? दोन, सगळ्यात जुन्या आवृत्तीत तिचं नाव काय आहे? इथे दोन्ही उत्तरं एकाच बाजूला जातात, म्हणून आपण ठामपणे बोलू शकतो.

आणि हो, ‘अस्तुरियास’ हे नाव खोडून टाकायचं नाही. शंभरहून जास्त वर्षं ते चालतंय, तोही इतिहासच. लिहिताना दोन्ही नावं द्या, आणि प्रत्येकापुढे वर्ष.