बोधात्मक वर्तनोपचार

बोधात्मक वर्तनोपचार : विचार, भावना व वर्तन यांचा परस्परांवर परिणाम होतो, या तत्त्वावर आधारलेली अल्पमुदतीची मानसोपचारपद्धती. नैराश्य, चिंताविकृती, भयगंड इ. विकारांत ती वापरतात.

तिचे उगम दोन आहेत. पहिला वर्तनवादी होय. सशाला भिणारा एक बालक खाण्यात रमला असताना ससा हळूहळू जवळ आणून त्याची भीती घालविल्याचे मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये नोंदविले. जोसेफ वोल्पी (१९१५–९७) यांनी १९५८ मध्ये या तत्त्वाला पद्धतशीर रूप दिले. दुसरा उगम बोधात्मक होय. प्रसंगापेक्षा त्याविषयीची अविवेकी धारणाच दुःखास कारण होते, असे ॲल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ पासून प्रतिपादिले. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला व त्यांच्या पद्धतीचा भारतात प्रसार केला.

फिलाडेल्फियातील ॲरन बेक (१९२१–२०२१) हे मूळचे मनोविश्लेषक. नैराश्य म्हणजे स्वतःकडे वळलेला रोष, हे गृहीतक पडताळण्यासाठी त्यांनी रुग्णांची स्वप्ने तपासली. तीत रोषाऐवजी हानी व अपयश हेच विषय आढळले. ‘मित्र न बोलता गेला, म्हणजे मी त्याला नकोसा आहे’ यासारखे आपोआप उमटणारे विचार रुग्णाने लिहून काढावेत, त्यांचा पुरावा तपासावा व अनुभवाने ते पडताळावेत, ही त्यांची पद्धती. १९७७ मध्ये ४१ रुग्णांवरील चाचणीत ती इमिप्रामीन या औषधाहून सरस ठरली. पुढील अभ्यासांत औषधोपचार व ही पद्धती साधारणतः तुल्यबल दिसली. मात्र औषध थांबविल्यानंतरच्या तुलनेत या उपचारानंतर विकार उलटण्याचे प्रमाण कमी आढळले.

तथापि गुण विचार बदलल्याने येतो की कृतीने, हा वाद उरतोच. नील जेकब्सन यांच्या १९९६ मधील अभ्यासात, दैनंदिन कार्ये पुन्हा सुरू करविणारा वर्तनात्मक भाग एकटाही पूर्ण उपचाराइतकाच प्रभावी ठरला. हा निष्कर्ष व्यवहारदृष्ट्या महत्त्वाचा आहे. कारण हा भाग शिकविण्यास सोपा असतो. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांनी तो ६ ते ८ बैठकांत दिला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांच्या रुग्णांपैकी सु. ६४ टक्के, तर नेहमीची सुधारित सेवा मिळालेल्यांपैकी सु. ३९ टक्के लक्षणमुक्त झाले. जेथे मानसोपचारतज्ञ विरळ आहेत, तेथे हा मार्ग आशादायक आहे. तीव्र विकारांत मात्र अनेकदा औषधांची जोड आवश्यक असते.