महागामी गुरुकुल

छत्रपती संभाजीनगरच्या एमजीएम परिसरातील ओडिसी व कथक शिक्षणाची संस्था. स्थापना 1996, संचालिका पार्वती दत्ता. देवालयातले नृत्य रंगमंचावर आणताना स्त्रियांनी परंपरा मोडली, हा आक्षेप इथे टिकत नाही. शहरालगतच्या औरंगाबाद लेण्यांतील क्र. 7 या बौद्ध लेण्याच्या गाभाऱ्यातच वादक स्त्रियांच्या मधोमध, कमरेत लचकलेली नर्तकी कोरली आहे. दगडातून ताल ऐकू येत नाही, हे खरे. विहारात स्त्रिया प्रत्यक्ष नाचत, असेही त्यावरून सिद्ध होत नाही. पण नर्तकीची प्रतिमा तिथे निषिद्ध नव्हती, थेट गाभाऱ्यात कोरण्याइतकी मान्य होती. शिवाय तेराव्या शतकात देवगिरीच्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’चा सातवा अध्याय नर्तनालाच दिला. ग्रंथातली हालचाल अंगात उतरवायला मात्र गुरूच लागतो आणि महागामीचे खरे मोल तिथेच आहे.