कलापथकाची कुळकथा

गावोगावी कलापथकं येतात, दारूबंदीची नाहीतर लसीकरणाची गाणी म्हणून जातात. या पथकांच्या मूळ घरांपैकी एक आहे मुंबईचं गिरणगाव. 1944मध्ये वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गवाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक उभं केलं.

तमाशाचा साचा त्यांनी उचलला, पण त्याचा आतला जीव पालटला. गणात गणपतीच्या जागी मायभूमी आणि कष्टकरी आले. कृष्णाने वाटेत अडवलेली गवळण गेली. वग राहिला, मात्र त्यात सावकार आणि गिरणीमालक उभे राहिले. गाण्याची रीत जुनीच: मुख्य शाहिराने ओळ सोडायची आणि मागच्या झीलकऱ्यांनी तिचं टोक पकडून सूर वर चढवायचा. तेवढ्यात शाहीर दम घेतो, आणि शब्द मैदानाच्या कडेपर्यंत पोचतो. अमर शेखांचा पहाडी आवाज या झिलेवर स्वार झाला की हजारोंची सभा ताब्यात येई.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने पथकावर बंदी घातली. अण्णा भाऊंनी तमाशाला लोकनाट्य म्हणून पुन्हा उभं केलं, पण पन्नासच्या सुमारास पथक विस्कटलंच. अमर शेखांनी स्वतःचं कलापथक काढलं. अण्णा भाऊ कादंबरीत रमले, 1959मध्ये 'फकिरा' आली. मला ही फूट फार लागते, कारण असे तीन गळे एका फडावर पुन्हा सहज जमत नाहीत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तिघेही गायले, ही त्यातली मोठी गोष्ट. 1969च्या पावसाळ्यात मात्र दीड महिन्याच्या आत अण्णा भाऊ आणि अमर शेख दोघेही गेले.

त्या लढ्यातली 'माझी मैना' ही छक्कड मैनेला गावावर सोडून पोटासाठी मुंबईला गेलेल्या गड्याची. बीडकडे गोष्ट आणखी कठीण आहे. दिवाळीच्या आगेमागे उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. इथे मैनाही उसाच्या फडात जाते. गावावर राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. गेवराई तालुक्यातल्या उमापूरच्या पारावर येणाऱ्या पथकाने योजनेची गाणी जरूर म्हणावीत, पण एक छक्कड या पोरांचीही बांधावी.