वाड्यातला साग आणि घरातली बाभूळ

१/ इंदापूर म्हटले की मालोजीराजांची गढी आठवते. बारामती म्हटले की मोरोपंत आणि बाबूजी नाईकांचा वाडा. जुन्या वाड्यात शिरताच आपली नजर सागवानी खांबांकडे आणि कोरीव चौकटीकडे जाते. आजचा थ्रेड मात्र ज्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही अशा लाकडाविषयी आहे : बाभूळ. प्रश्न असा की, सामान्य घरातले स्वस्त लाकडी सामान रोजचा मार सोसून टिकायचे, ते नेमके कशाच्या बळावर?

२/ आरंभीच एक सावधगिरी. आज जे उरले तेच टिकाऊ होते, असे समजणे ही इतिहासातली जुनी फसगत आहे. वाड्यातला देव्हारा उरला, कारण त्याला जपले गेले. शेतकऱ्याच्या बाजेवर मात्र माणसे झोपली, धान्य वाळले, बाळंतिणी शेकल्या. आणि शेवटी ती मोडली तेव्हा चुलीत गेली. बाभळीचे सरपण उत्तम जळते. म्हणजे ज्या वस्तूने सर्वाधिक काम केले, तिचाच पुरावा सर्वांत कमी उरला.

३/ आता भूगोल. सह्याद्रीचे जंगल जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला. बारामती आणि इंदापूर पूर्वेला, पर्जन्यछायेत. येथे वर्षाचा पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास. साग येथला नव्हे, तो विकत आणायचा. कऱ्हा, नीरा आणि भीमा यांच्या काठी, काळ्या रानात आणि शेताच्या बांधावर मुबलक उगवे ती बाभूळ. शेळ्यांना शेंगा, कुंपणाला काटे, कातडे कमावायला साल, आणि घराला लाकूड.

४/ सागावर तर राज्यकर्त्यांची नजर असे. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी स्पष्ट सूचना आहेत : साग हुजूरच्या परवानगीने तोडावा, आंबा-फणसाला रयतेच्या राजीखुशीवाचून हात लावू नये, कारण ती झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. कोणते लाकूड कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न सत्तेचाही असतो, हे त्यावरून कळते.

५/ मग सामान्य घरात लाकडाचे होते तरी काय? पेशवाई संपल्यावर थोड्याच काळात थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरने पुण्याजवळच्या लोणी गावाची पाहणी केली; ती १८२३ मध्ये छापली गेली. घरे, अवजारे, भांडीकुंडी, खाणेपिणे यांची इतकी बारकाईने नोंद करणारे त्या काळचे लेखन थोडे आहे. देशावरच्या कुणब्याच्या घरी खुर्च्या-मेजे नव्हती. बाज, पाळणा, पाट, मुसळ, घुसळखांब, आणि दाराबाहेर नांगर, कुळव, पाभर व गाडी. एकाच सुताराच्या हातचा हा सारा संसार.

६/ बाभळीचे बळ कशात? डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेने भारतीय लाकडांची तुलना करताना सागाला १०० गुण धरले आणि इतरांना त्या मापाने मोजले. त्या तुलनेत कठीणपणा आणि आदळआपट सोसण्याची ताकद यांत बाभूळ सागाच्या बरीच पुढे आहे. गाडीच्या चाकाचा तुंबा, आरे, नांगर, इतकेच काय पण ऊस पिळणाऱ्या जुन्या चरकाच्या लाटाही बाभळीच्या असत, त्या यामुळेच. साग जिंकतो तो वेगळ्या गुणांत : तो वाकत-पिळवटत नाही आणि वाळवीला सहज दाद देत नाही.

७/ बाभळीचे दोषही तितकेच ठळक. खोड बहुधा वाकडे. लांब सरळ फळी क्वचितच निघते. लाकूड घाईने वाळवले तर टोकांना चिरते. गाभा लालसर आणि चिवट, पण त्याभोवतीच्या पांढऱ्या लाकडाला भुंगा लागतो. स्वस्त लाकडाला खर्चिक उपाय परवडत नाही. म्हणून उपायही स्वस्तच निघाला : पाणी.

८/ तोडलेले ओंडके कित्येक महिने डोहात, ओढ्यात किंवा चिखलात बुडवून ठेवायचे, मग सावलीत सावकाश वाळवायचे. यामागचे कारण आज सांगता येते. पांढऱ्या लाकडातले पिष्ट हे भुंग्याचे खाद्य. बुडवून ठेवलेल्या लाकडातून ते बऱ्याच अंशी निघून जाते. सुताराला पिष्ट हा शब्द ठाऊक नसेल, पण भिजवलेले लाकूड टिकते आणि न भिजवलेल्याचे पीठ पडते, हे त्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले होते.

९/ आता बाजेची रचना पाहा. चार पाय, दोन लांब गाते, दोन आखूड आडव्या पट्ट्या. पायाला पाडलेल्या भोकात गात्याचे कुसू घट्ट ठोकलेले, खिळा नाही. वर सुंभाची वीण, आणि पायथ्याशी ती ओढून आवळण्याची दोरी. वीण सैल पडली की घरचा माणूस दोरी आवळतो. सुंभ झिजला की नवा विणतो. गाता मोडला तर सुतार तेवढाच बदलतो. बांधावरचे वाकडे, आखूड लाकूडही तिला पुरते.

१०/ येथे मूळ प्रश्नाचे पहिले उत्तर मिळते. बाज मोडत नसे म्हणून टिकत नव्हती. ती भागाभागाने मोडे आणि भागाभागाने दुरुस्त होई, म्हणून टिकत होती. गाडीच्या चाकाचेही तसेच : आरा बदला, लोखंडी धाव पुन्हा चढवा, चाक चालू लागते. लाकडाची ताकद अर्धी. उरलेली अर्धी ताकद दुरुस्तीची.

११/ पण दुरुस्तीला माणूस हवा. तो म्हणजे गावचा सुतार, बारा बलुतेदारांतला थोरल्या कासेचा मानकरी. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार चित्र आहे. लाकूड शेतकऱ्याचे, वाकस-पटाशी आणि हात सुताराचे. शेतीची अवजारे वर्षभर चालती ठेवायची आणि सुगीला खळ्यावर बलुते घ्यायचे. नवी गाडी किंवा घरबांधणी असेल तर मोबदला निराळा.

१२/ याचा परिणाम बारकाईने पाहण्याजोगा आहे. नांगर वारंवार मोडला म्हणून बलुते वाढत नसे. सुताराची मेहनत तेवढी वाढे. त्यामुळे पक्के काम करण्यात त्याचेच हित होते. आज वस्तू विकणाऱ्याचा संबंध बहुधा विक्रीपाशी संपतो. बलुत्यात मात्र वस्तू देणारा आणि तिची जबाबदारी घेणारा एकच होता, आणि दोघांना जन्मभर त्याच गावात राहायचे होते.

१३/ तरीही या व्यवस्थेचे गोडवे गाऊ नयेत. सुताराचे काम जन्माने ठरलेले, मोबदला दुसऱ्याच्या पिकावर अवलंबून. १८७६-७८ च्या दुष्काळात हा सारा अवर्षणग्रस्त पट्टा होरपळला. खळे रिकामे, तर बलुतेही रिकामे. गावच्या वस्तूंच्या टिकाऊपणाचा भार शेवटी एका गरीब कारागिराच्या पोटावर होता, हे विसरता येत नाही.

१४/ त्याच काळातली या भागातली मोठी घटना म्हणजे सुपे. आज बारामती तालुक्यात असलेल्या या गावी १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले. जमावाचा मुख्य रोख सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे यांवर होता. कर्जात बुडालेल्या घरातले काय जप्त व्हावे आणि काय होऊ नये, हा त्या पिढीचा जिवंत प्रश्न होता.

१५/ पुढे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये जप्तीतून वगळलेल्या वस्तूंची यादी आली. तीत कपडे आणि स्वयंपाकाची भांडी यांच्याबरोबर ऋणकोच्या कुटुंबाच्या खाटा व अंथरूण आहे. लगेच पुढे कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, गुरे आणि बियाणे. बाज, सुताराचे वाकस आणि नांगर यादीत असे शेजारी-शेजारी येतात. बाजारात ज्या बाजेला मोल नव्हते, तिच्यावाचून संसार उभा राहत नाही, हे कायद्यानेही मान्य केले.

१६/ दरम्यान नीरा डावा कालवा आला. १८८५ च्या सुमारास पाणी खेळू लागले. ऊस आला, रोकड आली. लाकडी चरकाची जागा लोखंडी चरकाने घेतली. १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीतून लोखंडी नांगर गावोगाव गेले. त्याच कारखान्याने पुढे लोखंडी फर्निचरही बनवले. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. पैसे मोजून वस्तू घेण्याची सवय लागली आणि खळ्यावरचे नाते सैल झाले.

१७/ १९५३ च्या मुंबई राज्याच्या कायद्याने गावाला उपयुक्त सेवा करणाऱ्यांची सेवा-इनामे रद्द केली. जन्माने बांधलेल्या सेवेचा पाया त्यामुळे खचला, आणि ते योग्यच झाले. सुतार स्वतंत्र कारागीर झाला; कोणी शहरात गेला, कोणी दुकान थाटले. पण ‘मोडले तर कोण नीट करील?’ या प्रश्नाचे ठरलेले उत्तरही त्याच्याबरोबर गेले.

१८/ आज स्वस्त फर्निचर म्हणजे बहुधा भुशाच्या दाबीव फळ्यांचे कपाट किंवा पलंग. उसाच्या चिपाडापासूनही अशा फळ्या बनतात. दिसायला सरळ, हलके, नेटके. पण पाणी लागले की फळी फुगते, आणि स्क्रूचे भोक एकदा मोठे झाले की ते पुन्हा घट्ट धरत नाही. साहित्य वाईट आहे असे नव्हे. मोडलेला भाग काढून दुसरा बसवण्याची सोय मात्र रचनेतच नसते. बाभळीचे लाकूड वाकडे होते, पण त्याची दुरुस्ती सरळ होती.

१९/ सारांश : स्वस्त वस्तूचा टिकाऊपणा तीन गोष्टींवर उभा होता. जवळ मिळणारे चिवट लाकूड आणि त्याला दिलेला वेळ. सुटे करता येणारे सांधे. आणि दुरुस्तीची बांधिलकी असलेला माणूस. पहिल्या दोन गोष्टी आजही परत आणता येतील. तिसरी आणायची असेल, तर कारागिराला त्या कामाचा रोख आणि सन्मानाचा मोबदला द्यावा लागेल.

२०/ शेवटी एक विनंती. गावी गेलात तर वाड्याचे छायाचित्र जरूर काढा. पण गोठ्याच्या माळ्यावर पडलेल्या जुन्या बाजेकडेही एकदा पाहा. कोणता भाग मूळचा, कोणता बदललेला, लाकूड कोणते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. वाड्याची नोंद कागदपत्रांत सापडेल. बाजेची नोंद त्यांच्या आठवणीतच आहे.

(थ्रेड समाप्त)