मानसिक आघात आणि सावरणे : वळसंगच्या विहिरीच्या संदर्भात

जिवाला, देहाला किंवा माणूस म्हणून असलेल्या प्रतिष्ठेला बसलेला असा तडाखा, की जो ओसरल्यावरही मन आणि शरीर तो अजून चालूच असल्यासारखे वागत राहते, त्याला मानसिक आघात म्हणतात. दचकणे, झोप उडणे, तेच दृश्य पुन्हा डोळ्यांपुढे येणे, त्या जागेकडे पाऊल न वळणे, आप्तांपासूनही तुटल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या हालांची दखल घेत 1980 मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत आघातोत्तर तणाव विकृतीची, म्हणजे पीटीएसडीची, नोंद झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे 70 टक्के लोकांच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी आघातकारक प्रसंग येतो, पण त्यांतल्या सुमारे 5.6 टक्क्यांनाच पुढे हा विकार जडतो. बहुतेक माणसे सावरतात आणि काही सावरत नाहीत, याचे कारण मनाच्या कणखरपणात शोधण्याची आपल्याकडे रीत आहे. पुरावा दुसरीकडे बोट दाखवतो. तडाख्यानंतर भोवतालच्या माणसांनी काय केले आणि सावरण्याच्या कामात त्या माणसाचा स्वतःचा हात किती राहिला, यावर बरेच काही ठरते.

मानसशास्त्रज्ञ ख्रिस ब्रूइन आणि सहकाऱ्यांनी 2000 साली 77 अभ्यासांची एकत्रित छाननी केली, तेव्हा आधीच्या आयुष्यातील बहुतेक घटकांपेक्षा आघातानंतर आधार न मिळणे आणि नव्या ताणांची भर पडणे यांचा विकाराशी असलेला संबंध अधिक ठळक दिसला. मराठी मुलुखातले उदाहरण किल्लारीच्या भूकंपाचे आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर झालेल्या या भूकंपात लातूर-उस्मानाबादच्या गावांत हजारो माणसे गेली. महिनाभराने 46 जणांची मानसिक तपासणी झाली, तेव्हा 59 टक्क्यांत कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. नमुना लहान होता आणि काळ फार जवळचा, म्हणून हा आकडा साऱ्या भूकंपग्रस्तांना लावता येणार नाही. मात्र पुढच्या पुनर्वसनात घरदुरुस्तीच्या कामासाठी गावोगावच्या स्त्रियांना संवाद सहायक म्हणून पुढे आणले गेले आणि नळदुर्गला ‘आपलं घर’सारख्या संस्थेत पोरक्या मुलांना आसरा मिळाला. या कामांना कोणी मानसोपचार म्हटले नाही. तरीही निर्णयात वाटा आणि रोजचा सहवास, या दोन्ही गोष्टी त्यांतून मिळाल्या.

भूकंप एकदा होतो. जो आघात रोज पाणवठ्यावर होतो त्याचे काय, हा प्रश्न दक्षिण सोलापूर तालुक्यातील वळसंगला नेतो. सार्वजनिक पाणवठा बंद असलेल्या तिथल्या दलित वस्तीने स्वतःच्या कष्टाने विहीर उभी केली आणि 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिचे पाणी पिऊन ती खुली केली. आज ती बाबासाहेबांची विहीर म्हणून ओळखली जाते. पाणी नाकारले जाणे म्हणजे काय, हे आंबेडकरांना लहानपणापासून ठाऊक होते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर टिपणात त्यांनी 1901 चा प्रसंग सांगितला आहे : साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली घरातली मुले मसूर स्थानकावर उतरली, जात कळताच माणसे दूर झाली आणि रात्रभराच्या बैलगाडीच्या प्रवासात मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही. नऊ वर्षांच्या मुलाच्या मनावरची ती खूण कधी पुसली नाही, हे त्यांनीच लिहिले आहे. म्हणून वळसंगच्या घटनेकडे केवळ पाणीपुरवठा म्हणून पाहता येत नाही. जिथे अपमान झाला त्याच गोष्टीवर, चारचौघांदेखत, आपल्या हाताने हक्क सांगितला गेला. मनोविकारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ या 1992 च्या ग्रंथात सावरण्याचे तीन टप्पे मांडले : सुरक्षितता, स्मरण आणि शोक, माणसांत परतणे. विहिरीने पहिला टप्पा अंशतः साधला आणि स्मरणाला जागा दिली. गावाच्या बाकीच्या माणसांत परतणे मात्र वस्तीच्या एकटीच्या हाती नव्हते.

याच मुद्द्यावर पहिला आक्षेप उभा राहतो : वेगळी विहीर म्हणजे वेगळेपण मान्य करणे नव्हे काय? आक्षेप खरा आहे. महाडच्या चवदार तळ्यावर 20 मार्च 1927 ला आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली पाणी उचलले गेले ते सार्वजनिक हक्कासाठी, आणि 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या लढ्याच्या बाजूने निकाल दिला. स्वतःची विहीर हा त्या हक्काला पर्याय होऊ शकत नाही. पण खटला दहा वर्षे चालतो आणि तहान रोज लागते. दरम्यान वस्तीला ताठ उभे राहायला आपल्या मालकीचे काहीतरी लागते. दुसरा आक्षेप वैद्यकाचा. पीटीएसडीच्या निदानाला मृत्यूचा, गंभीर इजेचा किंवा लैंगिक हिंसेचा प्रसंग लागतो, अपमान त्यात बसत नाही. निदानाची चौकट उपचारासाठी आखलेली असते आणि तिथे ती काटेकोर असलेली बरी. परंतु दुःखाची व्याप्ती तिच्यापुरती नसते. शिवाय जातीय अपमानामागे मारहाणीची धमकी बहुधा उभीच असते. धोका संपलेला नसताना सावध राहणाऱ्या माणसाला आजारी ठरवणे हा त्याच्यावर आणखी एक अन्याय होईल.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे : सामाजिक बदलाची भाषा बोलताना रात्री किंकाळी फोडून उठणारा एकटा माणूस विसरला जातो. त्याला विहीर पुरत नाही. आघात-केंद्रित बोधवर्तन उपचार आणि डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर ही उपचारपद्धती यांचा उपयोग अभ्यासांतून दिसला आहे, काहींना औषधेही लागतात. याउलट घटनेनंतर लगेच सर्वांना एका बैठकीत बसवून सगळे बोलून काढायला लावण्याने विकार टळत नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटना तसे करू नये असे सांगते. सांगायचे केव्हा आणि कोणाला, हे त्या माणसाने ठरवायचे असते. सोलापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, आणि ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस या सरकारी दूरध्वनी सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. जातीय अत्याचारात एवढ्याने भागत नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील 15 अ हे कलम 26 जानेवारी 2016 पासून लागू आहे. तपास आणि खटला चालू असताना पीडित व साक्षीदारांना प्रवासखर्च, निर्वाहखर्च, सामाजिक-आर्थिक पुनर्वसन आणि गरज पडल्यास स्थलांतर हे त्याने हक्क म्हणून दिले आहे. ही तरतूद वेळेवर अमलात येते की नाही, हे पाहणे उपचार करणाऱ्यांच्याही कामाचा भाग धरायला हवे, कारण आरोपीच्याच गल्लीतून रोज जावे लागणाऱ्या माणसाची झोप गोळीने फार दिवस टिकत नाही.