लसीकरण आणि लोकमानस : जोयडा (सुपा) व परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

लसीविषयीच्या शंका आणि अफवा या मोबाइल फोनच्या काळातील देणगी आहे, असा एक समज आढळतो. कोणीतरी एक संदेश पाठवतो, तो हजारो लोकांपर्यंत पोहोचतो आणि पालक मुलाला लस देण्याचे टाळतात, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. ते अंशतः खरे आहे. परंतु इतिहासाकडे पाहिले असता लसीविषयीची शंका लसीइतकीच जुनी असल्याचे दिसून येते. अफवा पोहोचवणारे साधन बदलले. तिचा आशय मात्र फारसा बदललेला नाही. प्रस्तुत लेखात कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्याचा जोयडा तालुका व त्याच्या भोवतालचा प्रदेश नजरेसमोर ठेवून या लोकभावनेचा आढावा घेतला आहे.

जोयडा म्हणजे पूर्वीचा सुपा तालुका. काळी नदीवरील धरणात सुपा हे गाव बुडाले, तालुक्याचे ठिकाण जोयड्याला आले आणि अनेक विस्थापितांचे पुनर्वसन रामनगर येथे झाले. तालुक्याचा मोठा भाग जंगलाने व्यापलेला असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या केवळ ५० हजारांच्या आसपास होती. कुणबी, धनगर गवळी, मराठा, मुस्लीम आणि सिद्दी असे समाज येथे विखुरलेल्या वस्त्यांमधून राहतात. आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजात हिंदू, मुस्लीम व ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. कोकणी, मराठी, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा येथे कानावर पडतात. हा जिल्हा १८६२ पासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबई इलाख्यात व नंतर मुंबई राज्यात होता. त्यामुळे येथील लसीकरणाची कथा मुंबईपासून सुरू करावी लागते.

देवीची लस

देवी आणि गोवर हे दोन वेगळे रोग आहेत, हे दहाव्या शतकाच्या आरंभी अबू बक्र अल्-राझी या हकिमाने आपल्या ग्रंथात स्पष्ट केले. देवीच्या फोडातील द्रव निरोगी माणसाला टोचून सौम्य रोग आणण्याची पद्धत तुर्कस्तानात व भारतातही माहीत होती. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नर यांनी गोस्तनदेवीच्या द्रवाचा प्रयोग केला. ही नवी लस व्हिएन्ना, इस्तंबूल, बगदाद आणि बसरा या मार्गाने मुंबईला पोहोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती यशस्वीपणे टोचण्यात आली. भारतातील हे पहिले यशस्वी लसीकरण मानले जाते.

मराठी भाषेने या लसीला जे नाव दिले ते बोलके आहे. रोगालाही ‘देवी’ आणि लस टोचण्यालाही ‘देवी काढणे’ किंवा ‘देवी टोचणे’ असेच म्हटले जाऊ लागले. टोचणारा कर्मचारी ‘देवीचा डॉक्टर’ झाला. म्हणजे लोकांनी लस नाकारली असे सरसकट म्हणता येत नाही. त्यांनी ती आपल्या जुन्या श्रद्धेच्या चौकटीत बसवून घेतली. तरीही विरोध झाला आणि त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण पद्धतीतच होते. सुरुवातीच्या काळात एका मुलाच्या दंडावरील फोडातून द्रव काढून तो दुसऱ्याच्या दंडात टोचला जाई. त्यासाठी आठवड्याने त्याच मुलाला पुन्हा आणावे लागे. आपल्या लेकराच्या जखमेतून द्रव काढू देण्यास आईवडील तयार नसत. त्यातच जातीपातीचा विटाळही आड येई. दुसरे कारण असे की, उष्णतेने लस निकामी होई. टोचून घेतलेल्या मुलालाही मग देवी निघत आणि गावाचा विश्वास उडत असे. तिसरे कारण राजकीय होते. ज्याच्या अंगात रक्ताऐवजी दूध वाहते असे मूल इंग्रज शोधत आहेत, अशी अफवा उत्तर भारतात पसरली होती. येणारा अवतार किंवा इमाम महदी सापडावा म्हणून मुलांच्या दंडावर खूण केली जाते, असे लोक म्हणत. परक्या सरकारचा हात मुलाच्या अंगाला लागतो, या भीतीचेच ते रूप होते.

मुंबई शहरात १८७७ च्या कायद्याने लस सक्तीची झाली. पुढे वासरांपासून लस तयार करण्याची पद्धत रूढ झाली आणि मुलाच्या दंडातून द्रव काढण्याची गरज संपली. विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगाव येथे अशी लस तयार करणारी संस्था उभी राहिली. तेथील व्हॅक्सिन डेपो मैदानाचे नाव आजही तिची आठवण देते. पुढील काळात उष्णतेत टिकणारी कोरडी लस आली. मे १९७५ मध्ये भारतातील देवीचा अखेरचा स्थानिक रुग्ण आढळला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. केवळ लोक सुधारले म्हणून हे यश आले नाही; लोकांच्या तक्रारीचे कारण असलेली पद्धत आणि लस हीदेखील सुधारली होती.

प्लेग : मुंबई आणि हुबळी

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान झाले. डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच काळात सरकारी पथके घरात शिरून झडती घेत, रोग्यांना बळाने रुग्णालयात नेत. इस्पितळात माणसांच्या शरीरातून तेल काढतात, सुई हातभर लांब असते, टोचून घेतल्यास पुरुषत्व जाते, अशा अफवा पसरल्या. पुण्यात २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत एका आजारी स्त्रीला तपासण्यावरून मुस्लीम विणकर वस्तीत दंगल उसळली.

त्याच मुंबईत, त्याच काळात एक वेगळे चित्रही दिसते. इस्माइली खोजा समाजाचे तरुण इमाम तिसरे आगाखान यांनी हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपली जागा दिली. त्यांनी लोकांसमोर स्वतःला लस टोचून घेतली. त्यानंतर त्यांच्या अनुयायांपैकी हजारो लोक लस घेण्यास पुढे आले. दंगल करणारे मुसलमान आणि लस घेणारेही मुसलमान. तेव्हा धर्म हे विरोधाचे कारण नव्हते, हे उघड आहे. एका ठिकाणी परका शिपाई उंबरठा ओलांडून आला होता. दुसऱ्या ठिकाणी विश्वासातील माणसाने आधी आपला दंड पुढे केला होता.

१८९८ मध्ये प्लेग हुबळी व धारवाडला पोहोचला. जोयडा-हल्याळच्या लोकांची हुबळी ही पूर्वापार बाजारपेठ. सुमारे ५० हजार वस्तीच्या या शहरात डॉ. ल्यूमन यांच्या देखरेखीखाली काही महिन्यांत सुमारे ३८ हजार लोकांना लस देण्यात आली. लस घेतलेल्यांना प्रमाणपत्र मिळे व प्लेगच्या जाचक नियमांतून काही सूट मिळे. छळछावणीसारख्या वाटणाऱ्या कॅम्पपेक्षा सुई बरी, असा व्यवहारी विचार त्यामागे असणार. सक्ती आणि सवलत यांच्यातील ही सीमारेषा पुढेही पुसट राहिली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यात पेट्रोल, गॅस व रेशनसाठी कोविड लसीचे प्रमाणपत्र दाखवण्याचा आदेश निघाला, तेव्हा हाच जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला.

या कथेला एक काळी बाजू आहे. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांना दोषी ठरवण्यात आले आणि अनेक वर्षांनंतर ते निर्दोष ठरले. चूक कोठे झाली हे लोकांना वेळेवर आणि प्रामाणिकपणे न सांगितल्यास त्याची किंमत लसीला मोजावी लागते.

पोलिओ आणि मुस्लीम समाज

स्वातंत्र्योत्तर काळात या प्रश्नाची सर्वांत मोठी परीक्षा पोलिओच्या वेळी झाली. २००२ मध्ये देशात पोलिओचे १,६०० रुग्ण आढळले आणि त्यांतील बहुसंख्य उत्तर प्रदेशातील होते. थेंबांमुळे मुलांना पुढे अपत्य होणार नाही, अशी अफवा तेथील मुस्लीम वस्त्यांत पसरली. नायजेरियाच्या कानो राज्यात २००३-०४ मध्ये याच समजातून मोहीम अनेक महिने बंद राहिली. शंभर वर्षांपूर्वी प्लेगच्या सुईविषयी असलेली भीतीच येथे पुन्हा बोलत होती.

या प्रसंगी अलीगढ मुस्लीम विद्यापीठ, जामिया मिल्लिया इस्लामिया आणि जामिया हमदर्द या शिक्षणसंस्थांनी युनिसेफबरोबर काम केले. विद्यार्थी, उलेमा आणि इमाम वस्त्यांमध्ये गेले. मशिदींतून आवाहन झाले. त्याचबरोबर एक प्रश्नही ऐकला गेला : जेथे दवाखाना नाही, गटारे तुंबली आहेत, तेथे सरकार फक्त दोन थेंब घेऊनच पुन्हा पुन्हा का येते? हा प्रश्न अंधश्रद्धेचा नव्हता, तर उपेक्षेचा होता. जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात देशातील अखेरचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

गोवर-रुबेला आणि मोबाइलवरील संदेश

फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्नाटक, तामिळनाडू, गोवा, पुदुच्चेरी व लक्षद्वीप येथे गोवर-रुबेला लसीची मोहीम सुरू झाली. जोयड्याच्या शाळाही अर्थातच या कर्नाटकी मोहिमेच्या कक्षेत येत होत्या. तामिळनाडू व कर्नाटकात व्हॉट्सॲपवरून लसीविरुद्धचे संदेश फिरले आणि अनेक पालकांनी मुलांना लस देण्याबाबत हात आखडता घेतला. तरीही या पाच प्रदेशांत मिळून तीन कोटींहून अधिक मुलांना लस मिळाली. वंध्यत्वाची भीती आणि परक्यांचा कट हा संदेशांचा आशय १८९८ च्या बाजारगप्पांपेक्षा फारसा वेगळा नव्हता. नवे होते ते एवढेच की, संदेश ओळखीच्या माणसाच्या नावाने येई आणि त्याला उत्तर देणारा आरोग्यसेवक त्या गटात नसे.

पुण्यात तयार झालेल्या गोवर-रुबेला लसीविषयी इंडोनेशियात २०१८ मध्ये हलाल-हरामचा प्रश्न निर्माण झाला. तेथील उलेमा परिषदेने लसीच्या निर्मितीत निषिद्ध घटक असल्याचे सांगितले. मात्र दुसरा पर्याय नसल्याने व जीवरक्षणाची गरज असल्याने ती घेण्यास परवानगी दिली. धार्मिक शंकेला धार्मिक शास्त्रातूनच उत्तर मिळू शकते, याचे हे उदाहरण आहे. शंका दुर्लक्षिली गेल्यास काय होते, हे २०२२ मध्ये मुंबईतील गोवंडी, भिवंडी आणि मालेगाव येथील गोवरच्या साथीने दाखवून दिले. कोविड काळात चुकलेले डोस आणि पालकांच्या मनातील भीती अशी दोन्ही कारणे तेथे एकत्र आली होती.

माकडताप : जंगलातील लोकांची लस

जोयड्यासारख्या प्रदेशाला सर्वांत जवळचा प्रश्न माकडतापाचा, म्हणजेच क्यासनूर जंगल तापाचा आहे. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसेही आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने या विषाणूचा शोध लावला. गोचिडीच्या चाव्यातून तो माणसाला होतो. पुढे तो उत्तर कन्नड जिल्ह्यात, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गला आढळला.

१९९० पासून कर्नाटकात या रोगाची लस दिली जात होती. महिन्याच्या अंतराने दोन डोस, काही महिन्यांनी तिसरा आणि नंतर दरवर्षी पुन्हा. टोचल्यावर बराच काळ दुखे. लाकूडफाट्यासाठी रोज जंगलात जाणाऱ्या मजुराला एवढ्या वेळा केंद्रावर येणे अवघड होते. अनेकांनी एक डोस घेऊन पुढचे घेतले नाहीत. अभ्यासातून दोन डोसांचे संरक्षण सुमारे ६२ टक्के, तर तिसऱ्यासह सुमारे ८३ टक्के असल्याचे दिसले होते. पुढे ही लस पुरेशी प्रभावी राहिली नसल्याचे आढळले आणि २०२२ मध्ये तिचा वापर थांबवण्यात आला. २०२४ मध्ये सिद्दापूर तालुक्यात साथ आली तेव्हा देण्यासाठी लसच नव्हती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स कंपनीबरोबर नवी लस तयार करण्याचे काम हाती घेतले.

‘टोचून घेऊनही ताप येतो’ असे जे गावकरी म्हणत होते, त्यांना अडाणी म्हणणे म्हणूनच अन्यायाचे ठरते. त्यांचे निरीक्षण पूर्णपणे चुकीचे नव्हते. विखुरलेल्या वस्त्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ज्याने नकार दिला तो आणि ज्याच्यापर्यंत कोणी पोहोचलेच नाही तो, असे दोघेही नोंदवहीत ‘लस न घेतलेला’ म्हणून एकाच रकान्यात दिसतात. दोघांवरील उपाय मात्र भिन्न आहेत.

निष्कर्ष

दोनशे वर्षांच्या या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, लसीला होणारा विरोध कोणत्याही एका धर्माचा किंवा जातीचा नाही. परक्या सत्तेविषयीचा संशय आणि उपेक्षेचा अनुभव त्यामागे असतो. दुसरी, अफवा केवळ बंदीने थांबत नाही. विश्वासातील माणसाने आधी स्वतः लस घेणे आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे यानेच ती ओसरते. तिसरी, लसीचे दुष्परिणाम व मर्यादा लपवल्यास पुढच्या चांगल्या लसीचेही नुकसान होते.

माकडतापाची नवी लस ज्या दिवशी या जंगलातील वस्त्यांवर पोहोचेल, त्या दिवशी लोकांना जुन्या लसीची आठवण असणारच. जुनी लस का थांबवली, नवी कशी वेगळी आहे आणि डोस किती, हे त्यांच्या भाषेत आधी सांगावे लागेल. हे काम केवळ आरोग्य खात्याचे नाही. गावातील शिक्षक, आशा कार्यकर्ती, मशिदीतील इमाम, चर्चमधील पाद्री आणि देवस्थानातील पुजारी यांचा त्यात वाटा आहे. पोलिओच्या वेळी शिक्षणसंस्थांनी जे करून दाखवले, ते जोयड्याच्या वाड्यांवरही करता येण्यासारखे आहे.